सासवडची दर महिन्याची बैठक

सासवडमधल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची यादी करायला आम्ही चौघं बसलो आणि ती संपेचना. भजनी मंडळांतले पखवाजी आणि पेटीवाले तर आळीआळीत निघाले. बँडवाले निघाले, जेजुरीच्या वाटेवरच्या वस्तीतले वाघ्या-मुरळी निघाले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत पोचलेल्या आणि लग्नानंतर पेटीवर खोळ चढवलेल्या बायका निघाल्या. बारशाला हटकून बोलावणं जाणारी एक आजी, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा एक मुलगा. माझं औषधांचं दुकान आहे. गावातलं जवळजवळ प्रत्येक घर कधी ना कधी काउंटरपाशी येऊन थांबतं, त्यामुळे नावं मला बसल्या जागी आठवत गेली. पण यांच्यातल्या कुणाचंही गाणं आपण नीट मांडी घालून, मधे न उठता, शेवटपर्यंत कधी ऐकलं, याचं उत्तर आमच्यातल्या एकाकडेही नव्हतं.

पुणं इथून तीसेक किलोमीटर. दिवेघाट उतरला की हडपसर. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाणारे आमच्या गावात बरेच आहेत, मीही जाते. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पुण्याची शान आहे आणि तिथे बसून ऐकलेलं माझ्या आयुष्यात फार मोलाचं आहे. पण ते गुरू, सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. आडनावातच गाव आहे. कुंदगोळ हे हुबळीजवळचं लहानसं गाव, आणि त्या गावाचं नाव आजही गाण्यातली माणसं आदरानं घेतात. मग सासवडनं आपल्या माणसांना ऐकायला काय हरकत होती? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आमच्याकडे शब्दशः खरं होतं. पेठेतला पेटीवाला लग्नाच्या संगीताला पुण्याहून आलेल्या कलाकाराच्या निम्म्या पैशांत बोलावला जायचा, आणि पुष्कळदा तेवढेही मिळायचे नाहीत. ‘घरचाच आहे की’ म्हणून जेवायला बसवून मोकळे.

म्हणून दर महिन्याला गावातल्या कलाकारांची गाण्या-वाजवण्याची बैठक भरवायची ठरलं. त्यात आमचं पहिलं ठरलं ते पैशांचं. जागा, दिवस, नाव यांचा विचार नंतर. मुख्य कलाकाराला तीन हजार, साथीदारांना प्रत्येकी दीड हजार, आणि गावातला असो की पुण्याचा, आकडा तोच. बाहेरून येणाऱ्याला गाडीभाडं वेगळं. पाकीट त्याच संध्याकाळी, कार्यक्रम संपल्याबरोबर हातात. रक्कम मोठी नाही हे आम्हाला कळत होतं. पण ती सगळ्यांना सारखी आहे आणि मागावी लागत नाही, या दोन गोष्टींनी जे झालं ते कुठल्याही सत्कारानं झालं नसतं.

सत्कारांचंही तेव्हाच ठरवून टाकलं. शाल नाही, नारळ नाही, मंचावर पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही, प्रास्ताविक दोन मिनिटांचं. आमच्या भागात कार्यक्रम म्हटला की तासभर भाषणं होतात आणि कलाकार मागे तबला लावून ताटकळत बसतो. तोवर चढवलेला सूर उतरतो. ऐकायला आलेली म्हातारी माणसं कंटाळून उठतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की या बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नव्हते. फ्लेक्सचा खर्च एका हितचिंतकांनी देऊ केला होता, त्यावर त्यांचा आणि त्यांच्या नेत्यांचा फोटो घालायच्या अटीवर. आम्ही हात जोडले. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, पुढे ते वर्गणीदारही झाले.

वर्गणी वर्षाला हजार रुपये, एका कुटुंबाला. ज्याला जमत नाही त्यानं नुसतं ऐकायला यावं, दारात कुणी विचारणार नाही. पहिले वर्गणीदार माझ्या काउंटरवरच मिळाले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेताना एक निवृत्त मास्तर म्हणाले, “ताई, हजार देतो, पण सहा-साडेसहाला सुरू म्हणजे सुरू झालं पाहिजे.” तोच आमचा नियम झाला. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेसहा, समोर पाच माणसं असली तरी. दुसरा शनिवार कारण त्या दिवशी बँकांना सुट्टी असते आणि आमच्यातले दोघं बँकेतले. साडेआठला संपवायचं, म्हणजे खेड्यावरून आलेल्यांना परत जाता येतं आणि पुण्याच्या साथीदारांना घाट वेळेत उतरता येतो.

संस्था नोंदवायला आम्ही घाई केली नाही. त्याला किमान सात सभासद लागतात, १८६०च्या कायद्याखाली संस्था आणि १९५०च्या कायद्याखाली विश्वस्त संस्था अशी दुहेरी नोंदणी, पुण्याला धर्मादाय कार्यालयात कागद, दरवर्षी हिशेब तपासनीस. पुढे ते केलं, आणि कुणी असं काही सुरू करणार असेल तर त्यानंही करावं, कारण बँकेत खातं संस्थेच्या नावे असलं की पैशांवरून मनं दुखावत नाहीत. तोवर खर्चाची वही दुकानात टेबलावर उघडी ठेवलेली असायची. कुणीही पानं उलटून बघावीत.

जागेनं मात्र दमवलं. कुणी शाळेचा हॉल सुचवला. पण शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, तसा तो असला तर तिथे ध्वनिक्षेपक लावणं म्हणजे अडचणीला आमंत्रण. मंगल कार्यालय मिळत होतं, तेही फुकट, लग्नसराई सोडून. तिथे आम्ही एक पेटी घेऊन गेलो आणि नुसता षड्ज, म्हणजे सा, धरला. खाली गुळगुळीत फरशी, वर पत्रा, भिंती उघड्या. सूर सोडल्यावरही घुमत राहायचा आणि पुढच्या सुरात मिसळायचा. तिथे तान घेतली असती तर लोकांना नुसता गलका ऐकू आला असता. शेवटी गावातल्या एका जुन्या वाड्याची ओसरी आणि चौक मिळाला. शेणामातीच्या भिंती, लाकडी खांब, वर माळवद. मालक आजोबा म्हणाले, “आमच्या वडिलांच्या वेळी इथं भजनं व्हायची. तुम्ही करा, फक्त चपला ओळीनं ठेवा.” तिथे पेटी उघडली आणि सूर जागच्या जागी राहिला. मी त्या दिवशी घरी येऊन सांगितलं की आता हे होणार.

चौक उघडा, म्हणून पोलीस ठाण्यातून ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी घ्यावी लागते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा बंद, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. अर्जात तारीख, वेळ, जागा, जबाबदार व्यक्तीचं नाव लिहून आधीच द्यायचं. आम्ही सगळ्या तारखांचा एकच तक्ता जोडला. खरं सांगायचं तर ओसरीवर मांडी घालून गाणाऱ्याला त्या चौकात माइकची गरज जेमतेमच लागते. पण लोक माइक दिसला नाही तर कार्यक्रम सुरू झालाय असं मानत नाहीत.

आणि मग साउंडवाला. गावात मंडपाबरोबर साउंड देणारे तिघं आहेत. त्यांचं सगळं काम वरातीचं आणि मिरवणुकीचं, त्यात ते तरबेज आहेत. पहिल्या बैठकीला आलेल्या मुलानं सवयीनं आवाजाला एको लावला, बास चढवला आणि तबल्याच्या डग्ग्यापाशी माइक नेऊन खुपसला. भजनी मंडळाचे बुवा एक ओळ म्हणायचे, त्यांचीच ओळ मागून परत यायची. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, एको पूर्ण काढ, बास काढ, आणि आता डोळे मिटून सांग, बुवांचा आवाज माइकशिवाय जसा आहे तसा येतोय का. त्यानं एकेक बटण खाली आणलं. मग स्वतःच उठून ओसरीच्या टोकाला गेला, तिथून ऐकलं, परत आला, डग्ग्याचा माइक वीतभर मागे सरकवला. तोच मुलगा आजही येतो. त्यानं आता जाड पडदे आणलेत, समोरच्या विटांच्या भिंतीवर टांगायला, कुणी न सांगता. कार्यक्रमाआधी अर्धा तास तो स्वतः तंबोऱ्याजवळ बसून सूर कुठे फाटतोय ते बघतो. त्यालाही आम्ही साथीदाराइतकंच मानधन देतो. बैठक चांगली की वाईट हे निम्मं त्याच्या हातात असतं.

लोक यायला वेळ लागला. पहिले काही महिने ओसरीवर कलाकारांचे नातेवाईक आणि आम्ही. पोस्टर छापून फारसं काही हाती लागलं नाही, व्हॉट्सॲपवर पाठवलेलं सगळे अंगठा दाखवून विसरायचे. चालली ती एकच गोष्ट, तोंडी आमंत्रण. दुकानात आलेल्याला औषधाची पिशवी देताना मी सांगायचे की शनिवारी अमुक गाणार आहे, तुमच्या आळीतलाच आहे, तुमच्या नातीच्या वर्गातल्या मुलाचा बाप. बँकेतले दोघं पासबुक भरताना सांगायचे. दूधवाला सांगायचा. माणूस कलेसाठी नंतर येतो, आधी ओळखीसाठी येतो, आणि गावात ओळखीला तोटा नाही. एकदा येऊन बसला, ऐकलं, की पुढच्या वेळी ओळखीची गरज उरत नाही. आषाढीच्या वारीत मात्र बैठक बंद. माउलींची पालखी इथे दोन रात्री मुक्कामाला असते, सोपानकाकांची पालखी तर इथूनच निघते. त्या दिवसांत गावच्या प्रत्येक ओट्यावर भजन चालू असतं, आम्ही वेगळं काय करणार?

आता ज्या संध्याकाळसाठी हे सगळं करावं असं मला वाटतं, तिच्याबद्दल. बँडमधले एक क्लॅरिनेटवाले आहेत, गाव त्यांना मास्तर म्हणतं. वरातीत घोड्यापुढे, गर्दीत, ट्रॉलीवरच्या दिव्यांमागे उभं राहून ते तासन् तास वाजवतात. माझ्या लग्नातही त्यांनीच वाजवलं होतं. यादीत त्यांचं नाव आलं तेव्हा मी घरी गेले. ते म्हणाले, “ताई, आम्ही रस्त्यावर वाजवणारी माणसं. बसून कुणापुढं वाजवायचं?” पण त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, “पहाटे उठून यमन वाजवत्यात रोज. शेजारी झोपेत शिव्या देत्यात.” मास्तर लाजले. वडिलांकडून शिकलेले, वडीलही बँडमध्ये. त्यांना नाट्यपदं चालींसकट येत होती, आणि रागाची बढत स्वतः ऐकून-ऐकून बसवलेली.

अडचण सुराची आली. क्लॅरिनेट काळी पाचचं, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला ज्याचा सा लागतो असं. गावातल्या तबलजीकडे पांढरी एक आणि काळी एकचे तबले. क्लॅरिनेटवाला बोटं बदलून दुसरीकडे षड्ज धरू शकतो, पण मास्तरांचा हात आयुष्यभर एकाच जागेवरून फिरलेला, आणि आम्हाला त्यांच्या हाताला त्रास द्यायचा नव्हता. मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला हवा होता. पुण्याच्या एका संगीत विद्यालयातल्या शिक्षकांनी तो दोन दिवसांसाठी दिला आणि तबलजीला एक पैही न घेता त्या तबल्यावर हात बसवून दिला. पुण्यात अशा संस्था आहेत हे आमचं केवढं भाग्य. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज काढला, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्या परंपरेतून शिकून बाहेर पडलेले कितीतरी शिक्षक आसपासच्या गावांसाठी वेळ देतात, फक्त विचारावं लागतं.

मास्तर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. वरातीतला लाल कोट नाही, टोपी नाही. सुरुवातीला त्यांचा श्वास तोकडा पडत होता. उभं राहून वाजवणाऱ्याला मांडी घालून पोटातून फुंकणं जड जातं. आम्ही पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली. मग यमन सुरू झाला आणि पहिली दहा मिनिटं ते फक्त मंद्रात, निषादाभोवती फिरत राहिले. वरातीच्या गोंगाटात क्लॅरिनेटचा हा खालचा, घोगरा, मऊ आवाज कधी कुणाला ऐकूच येत नाही. ओसरीवर त्या दिवशी त्यांच्या बँडची सगळी पोरं भिंतीला टेकून बसली होती. गंधारावर ते पहिल्यांदा थांबले तेव्हा निवृत्त मास्तरांच्या तोंडून आपसूक ‘वा’ गेली. पुढे एक तास कुणी उठलं नाही. शेवटी नाट्यपद झालं आणि म्हाताऱ्या बायका ओठ हलवत सोबत म्हणत होत्या.

पाकीट देताना त्यांनी उघडून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि म्हणाले, “ताई, तीन हजार चुकून आलेत. लग्नात चार तासांचे बाराशे मिळत्यात मला.” मी म्हणाले, “मास्तर, हाच आकडा आहे, सगळ्यांना.” आता लग्नाची सुपारी घेताना ते स्वतःसाठी वेगळा दर सांगतात आणि मिळवतात. हे त्यांनीच मला सांगितलं.

वाघ्या-मुरळींना बोलावताना आम्ही फार जपून गेलो. जागरण हा देवाचा विधी आहे, तो उचलून ओसरीवर कार्यक्रम म्हणून मांडणं त्यांना पटतं का, हे आधी विचारलं. त्यांच्यातले वडीलधारे मामा म्हणाले, “गाऊ की. पण तळी भरल्याशिवाय नाय.” मग तळी भरली, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ झालं, भंडारा उधळला आणि वाड्याच्या सतरंज्या पिवळ्या झाल्या. मालक आजोबांनी त्या धुवायला दिल्याच नाहीत, म्हणाले राहू द्या. दिमडी आणि तुणतुण्यावर त्यांच्यातल्या मुरळी बाईंनी जो आवाज लावला, तो मी शास्त्रीय गाणाऱ्यांच्या तोडीचा म्हणते आणि ते माझं ठाम मत आहे. एवढा खुला गळा, मान न उचलता, तासभर.

सिनेमातली गाणी आम्ही शक्यतो घेत नाही. तुकोबांच्या अभंगांवर कुणाचा हक्क नाही, पण कुणी अलीकडे लावलेल्या चालीवर त्या संगीतकाराचा असतो. हौशी मंडळानं पैसे न घेता श्रोत्यांपुढे सादर केलं तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण आम्ही वर्गणी घेतो, मानधन देतो, म्हणून ती सूट आपल्याला लागू आहे असं गृहीत धरत नाही. कीबोर्डवाल्या मुलाच्या बैठकीला आधी रीतसर परवानगी घेतली होती. रेकॉर्डिंगचंही तसंच. वाजवणाऱ्याचा स्वतःच्या वादनावर कायद्यानं हक्क असतो, म्हणून रेकॉर्ड केलेलं आधी कलाकाराच्या हातात देतो, पुढे कुठे टाकायचं की नाही ते तो ठरवतो. मास्तरांनी आपलं फक्त मुलीला पाठवलं.

विशारद झालेल्यांपैकी एक वहिनी आमच्याकडे वर्षभर नुसत्या ऐकायला येत होत्या. गळा बसलाय म्हणायच्या. हिवाळ्यात त्यांनी एका बैठकीला तंबोऱ्यावर साथ दिली, मग उन्हाळ्यात अर्धा तास गायल्या. आता त्यांच्याकडे सात-आठ मुली शिकतात आणि प्रारंभिकच्या परीक्षेला बसतात. बैठकीची पहिली पंधरा मिनिटं आम्ही अशा शिकणाऱ्या मुलांना देतो. आईबाप येतात, आजी-आजोबा येतात, आणि त्यांना मुख्य कलाकार संपेपर्यंत थांबावंच लागतं कारण दार कलाकाराच्या पाठीमागे आहे.

सध्या आमच्यात एक वाद चालू आहे. ओसरी आता पुरत नाही, चौकात लोक उभे राहतात. दोघा-तिघांचं म्हणणं, तिकीट लावावं, मोठा हॉल घ्यावा, पुण्या-मुंबईचं एखादं मोठं नाव आणावं, म्हणजे गावाचं नाव होईल. त्यांची तळमळ खरी आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. एका मोठ्या नावाच्या मानधनात आमच्या सगळ्या वर्षाच्या बैठका होतात, आणि त्या बैठकांत मास्तर आहेत, मामा आहेत, वहिनी आहेत. गर्दी वाढली असेल तर महिन्याला दोन बैठका करू, दुसरी चौथ्या शनिवारी, बँकांना तेव्हाही सुट्टीच असते. जमलेल्या पैशांतून मिरजेहून एक तंबोऱ्यांची जोडी आणायची, आणि काळी पाचचा तबला विकत घ्यायचा, म्हणजे पुन्हा उसना मागायला नको. मतदान पुढच्या बैठकीनंतर आहे. मी मास्तरांनाही सभासद करून घेतलंय, त्यांचंही मत असेल.